वाडगा कुणी घडवला?

१/ हाताने घडवलेल्या सिरॅमिक भांड्यांना सध्या पुन्हा चांगले दिवस आले आहेत. किंचित वाकडा कप, बोटांचे ठसे उरलेला वाडगा, काठाशी झिलई ओघळलेली ताटली लोक आवर्जून घरी आणतात. शेजारच्या पाटीवर ‘वाबी-साबी’ हा जपानी शब्द बहुधा असतोच. साधेपणाच्या आणि अपूर्णतेच्या या कौतुकात घडवणाऱ्याचे निनावी असणेही सौंदर्याचाच भाग मानले जाते. माझे मत याविरुद्ध आहे. त्यासाठी आधी एका वाडग्याची कथा.

२/ क्योतोच्या दाइतोकु-जी मंदिरसमूहातील कोहो-आन या उपमंदिराच्या संग्रहात हा वाडगा आहे. फिकट पिवळसर रंग, झिलईवर बारीक तड्यांची जाळी, पायथ्याशी झिलईचे गोठलेले खडबडीत थेंब. तो १६व्या शतकात कोरियात घडला, जपानी चहाविधीत जाऊन बसला आणि आज जपानची राष्ट्रीय संपदा आहे. त्याचे नाव ‘किझाएमोन’. हे नाव त्याच्या एका जुन्या मालकाचे, ओसाकाच्या व्यापाऱ्याचे. घडवणाऱ्याचे नाव कुणालाही ठाऊक नाही.

३/ जपानी विचारवंत यानागी सोएत्सु यांनी १९३१ मध्ये हा वाडगा पाहिला. पेटीत पेटी, त्यात पेटी, रेशमी आवरणे, आणि आत इतकी साधी वस्तू! त्यांच्या मते हा गरिबाघरचा भाताचा वाडगा होता. ज्याने तो घडवला त्याला कलेचा गर्व नव्हता, म्हणूनच तो सुंदर झाला, असे त्यांनी मांडले. १९२५ मध्ये त्यांनी कुंभार हामादा शोजी आणि कावाई कांजिरो यांच्यासह ‘मिंगेइ’, म्हणजे लोककारागिरी, हा शब्द घडवला होता. अनाम कारागीर हा त्या विचाराचा नायक.

४/ यानागींना खलनायक ठरवण्याचे कारण नाही. कोरिया जपानच्या ताब्यात असताना, सोलमधील ग्वांगह्वामुन हे राजवाड्याचे महाद्वार पाडण्याच्या बेताविरुद्ध त्यांनी १९२२ मध्ये जाहीरपणे लिहिले. लोककारागिरीसाठी १९३६ मध्ये तोक्योत संग्रहालय उभारले. परंतु एक प्रश्न त्यांच्या सिद्धान्तात नीटसा येत नाही. कोरियन कुंभार अनाम राहिला तो स्वेच्छेने की त्याचे नाव विचारण्याची कुणाला गरजच वाटली नाही म्हणून?

५/ येथे आपल्याला मागे जावे लागेल. तोयोतोमी हिदेयोशीच्या सैन्याने १५९२ आणि १५९७ मध्ये कोरियावर स्वाऱ्या केल्या. कोरियन वाडग्यांसाठी जपानी सरदार तेव्हा वेडे झाले होते. परतताना त्यांनी कुंभारांनाच उचलून नेले. काहींना सहकुटुंब, बहुतेकांना सक्तीने. या स्वाऱ्यांना ‘कुंभारांची युद्धे’ असेही म्हटले जाते ते यामुळेच. भांड्याचे कौतुक आणि भांडे घडवणाऱ्याचे अपहरण एकाच काळात, एकाच हातांनी झाले.

६/ त्यांपैकी यी साम-प्योंग यांना आरिता येथे पोर्सिलेनची माती सापडली, असे परंपरा मानते. जपानचे पहिले पोर्सिलेन तेथेच, १७व्या शतकाच्या आरंभी घडले. पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीने आरिताची भांडी युरोपात नेली. युरोपात ती ‘इमारी’ म्हणून गाजली. इमारी हे ज्या बंदरातून ती निघत त्याचे नाव. मालकाचे नाव उरले, बंदराचे उरले. चाकावर बसलेल्यांपैकी फारच थोड्यांचे उरले.

७/ दक्षिणेकडे, सात्सुमा प्रांतातील नाएशिरोगावा गावात शिम घराणे वसवले गेले. या गावकऱ्यांनी कोरियन नावे आणि रीतिरिवाज सोडू नयेत, असा सरदारांचाच दंडक होता. हे घराणे आज ‘चिन जुकान’ या नावाने पंधराव्या पिढीत भांडी घडवते. तेच कोरियन आडनाव, जपानी उच्चारात. काळ बदलला तेव्हा त्याच गावच्या पार्क कुटुंबाने १८८६ मध्ये ‘तोगो’ हे जपानी आडनाव घेतले. त्यांचा मुलगा तोगो शिगेनोरी १९४१ मध्ये जपानचा परराष्ट्रमंत्री होता. नाव राखणे किंवा टाकणे ही किती महागाची गोष्ट असते, हे या एका गावात दिसते.

८/ आता हामादा शोजींकडे पाहू. त्यांनी आपल्या भांड्यांवर सही करणे सोडून दिले. मिंगेइच्या तत्त्वाला ते धरूनच होते. पण १९५५ मध्ये त्यांना जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय संपदा’ हा मान दिला, आणि भांडे ज्या लाकडी पेटीत जाई तिच्यावर त्यांची अक्षरे असत. निनावी राहण्याची चैन ज्याचे नाव आधीच सर्वांना ठाऊक आहे त्यालाच परवडते.

९/ भारतातील स्टुडिओ पॉटरीचा एक धागा याच वर्तुळाला जोडलेला आहे. सरदार गुरचरण सिंग १९१९ च्या सुमारास जपानला शिकायला गेले. तेथे त्यांची यानागी, हामादा आणि इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्याशी गाठ पडली. १९५२ मध्ये त्यांनी दिल्लीत निळ्या झिलईच्या भांड्यांची आपली भट्टी उभारली. पण जपानच्या आधी त्यांनी काम शिकले ते दिल्लीच्या अब्दुल्ला या पठाण कुंभाराकडे. ते नाव इतिहासात उरले, कारण शिष्याने ते सांगितले.

१०/ आपल्याकडे तेरचे गोरोबाकाका सर्वांना ठाऊक आहेत. पण ते अभंगांमुळे. त्यांच्या हातचे म्हणून ओळखले जाणारे एकही मडके आपल्याजवळ नाही. कुंभाराचे नाव उरण्यासाठी त्याला संत व्हावे लागले.

११/ यावर कुणी म्हणेल, वस्तू सुंदर असली की पुरे, नावाचे काय? पण नावासोबत श्रेय जाते, आणि श्रेयासोबत मोल. स्टुडिओतील कलावंत तळाशी शिक्का उमटवतो आणि त्याप्रमाणे किंमत मागतो. हे योग्यच आहे. मात्र चौकातल्या कुंभाराचा माठ आपण घासाघीस करून घेतो. माती, चाक आणि भट्टी दोघांचीही असते.

१२/ म्हणून सुचवावेसे वाटते ते इतकेच. पुढच्या वेळी हाताने घडवलेले भांडे घ्याल, मग ते प्रदर्शनातले असो वा रस्त्याकडेचे, तर घडवणाऱ्याचे नाव विचारा आणि घरी कुठेतरी लिहून ठेवा. किझाएमोन वाडग्याजवळ पेट्या आहेत, रेशीम आहे, मालकाचे नाव आहे. चारशे वर्षांपूर्वी कुणी हा एक प्रश्न विचारला असता, तर आज त्याला घडवणाराही असता.