जमत नाही, की जमू दिले जात नाही?

निवृत्तीनंतर घरची छोटी-मोठी कामे स्वतः करायची, असा बेत अनेक जण आखतात. मीही आखला होता. नंदुरबारच्या घराच्या मागच्या पडवीत जाड फळीचा बाक ठोकला. रंधा, पटाशी, करवत, कानस यांच्या जोडीला विजेवरचे ड्रिल मशीन घेतले. मागच्या उन्हाळ्यात ते ड्रिल भिंतीत भोक पाडता पाडता ठिणग्या टाकून बंद पडले.

बिघाड साधा होता. ड्रिलच्या मोटरमधील फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, वीज पोहोचवण्यासाठी दोन कार्बन ब्रश त्याला सतत घासत असतात. पेन्सिलीच्या शिशासारखे ते झिजतात आणि ठरावीक काळाने बदलावेच लागतात. काही मशीनला त्यासाठी बाहेरूनच एक झाकण असते. स्क्रू फिरवला की ब्रश हातात येतो. माझ्या मशीनला तसे झाकण नव्हते. सगळे आवरण उघडावे लागणार होते. त्यातले काही स्क्रू खोल खड्ड्यात आणि चांदणीसारख्या खाचेचे. तसा पाना मिळवण्यात दोन दिवस गेले. आवरण उघडताच आतली स्प्रिंग उडाली, ती शोधण्यात तिसरा दिवस गेला. ब्रश घ्यायला बाजारात गेलो तर दुकानदार म्हणाला, ‘‘नाना, या मापाचे सुरतेहून मागवावे लागतील. कशाला त्रास घेता? नवीनच घ्या ना.’’

त्या संध्याकाळी सुट्या भागांसमोर बसलो असताना मनात आले, ‘आता आपल्याला जमत नाही.’ साठीनंतर अनेकांच्या मनात हे वाक्य येते. बऱ्याचदा ते चुकीचे निदान असते, हे मला आज सांगायचे आहे.

त्यात थोडे तथ्य आहे, ते आधी मान्य करू. वयानुसार बाहुली लहान होते, डोळ्यातले भिंग पिवळसर आणि गढूळ होत जाते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. बोटांची पकड आणि स्पर्शाची जाणीवही कमी होते. पण यावर उपाय आहेत. बाकावर जवळ आणता येईल असा तेजस्वी दिवा, जवळचे पाहण्याचा योग्य नंबरचा चष्मा आणि जाड मुठीची अवजारे घ्यावीत. भाग सोडवताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढावा. स्क्रू क्रमाने वाट्यांत ठेवावेत. दुपारच्या उकाड्यात हट्टाने बसू नये, सकाळी बसावे. एवढे केल्यावर माझी निम्मी चिडचिड कमी झाली.

उरलेली निम्मी वयामुळे नव्हतीच. झिजणारा भाग आत कोंडणे, वेगळाच स्क्रू वापरणे, सुटे भाग जिल्ह्याच्या गावीही न मिळणे, हे निर्णय मशीन बनवणाऱ्याने घेतलेले असतात. पंचविशीतला मुलगाही तिथेच अडतो. फरक इतकाच, की तो मशीनला शिव्या देतो आणि आपण स्वतःच्या हातांना दोष देतो. मग बाकावर धूळ साचते, माणूस टीव्हीसमोर बसतो. हाताला आणि डोक्याला मिळणारे काम सुटते आणि ते सुटल्याने खरोखरच जमेनासे होते.

कुठे थांबायचे, हेही कळले पाहिजे. दुरुस्तीआधी प्लग काढायचाच. नुसते बटण बंद करून भागत नाही. मोटरचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवू शकतो. ग्राइंडरचे संरक्षक कवच काढून काम करू नये. बॅटरीवरच्या ड्रिलमधील लिथियम बॅटरी फोडून तिला घरी डाग देणे तर आगीशी खेळ आहे. ही कामे जाणकाराकडे द्यावीत, त्यात कमीपणा नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. 24 डिसेंबर 2022 रोजी त्याचे पोर्टलही सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही त्यातील चार क्षेत्रे. फ्रान्समध्ये 2021 पासून काही वस्तूंवर, अगदी विजेवर चालणाऱ्या गवत कापणीयंत्रावरही, दुरुस्ती किती सोपी आहे याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे ड्रिल, ग्राइंडर, पाण्याची मोटर यांवरही असे गुण हवेत. अक्कलकुवा-धडगावच्या माणसाला सुट्या भागासाठी आधी नंदुरबार आणि मग सुरत गाठावी लागते. त्याच्यासाठी हा हौसेचा प्रश्न नाही.

तोवर खरेदी करताना तीन प्रश्न विचारा: ब्रश बाहेरून बदलता येतो का? सुटे भाग गावात मिळतात का? आतली रचना दाखवणारे पत्रक सोबत आहे का? दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्यासाठी दुकानदार ब्रश आणून ठेवील.

माझे ब्रश आठव्या दिवशी सुरतेहून आले. बसवायला वीस मिनिटे लागली. दोन जोड्या जास्तीच्या मागवल्या आहेत. गल्लीत कोणाला लागल्या तर असाव्यात.