घरपट्टीची शास्तीमाफी : दिलासा कुणाला?

नगरपरिषदेची घरपट्टी थकली की थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. साध्या हिशेबानेही ५० महिन्यांत ही शास्ती मूळ कराएवढी होते. हा भार हलका करण्यासाठी राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या हद्दीत अभय योजना आणण्याचा निर्णय घेतला व त्यासाठी १९६५ च्या अधिनियमात दुरुस्ती करण्याचे ठरवले. रत्नागिरीच्या घरमालकांनी या निर्णयाकडे कसे पाहावे, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

प्रत्येक थकबाकीदार हा करबुडवा असतो, असे नाही. कोकणातील कितीतरी चिरेबंदी, कौलारू घरांची बिले अजूनही आजोबांच्या नावाने येतात. वारस मुंबईत विखुरलेले, वाटण्या झालेल्या नाहीत, घरी एखादी वृद्ध काकी तेवढी उरलेली. पट्टी कोणी भरायची हे ठरेपर्यंत शास्ती वाढतच जाते. अशा कुटुंबांना ही माफी खरा दिलासा होय.

मूळ कर मात्र या योजनेने माफ होत नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला; मग रत्नागिरीस का नको, असा प्रश्न सहज मनात येतो. परंतु मुंबई महापालिकेची तिजोरी वेगळी आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ७६ हजार वस्तीच्या आपल्या शहराची वेगळी. छोट्या नगरपरिषदेला स्वतःच्या उत्पन्नासाठी मुख्यतः घरपट्टीचाच आधार असतो. शीळ धरणाचे पाणी घरोघरी पोहोचवणे, रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याची गाडी, या साऱ्यांना पैसा लागतो.

आम्हांस खटकते ते दुसरेच. पेन्शनीतून काटकसर करून वेळेवर पट्टी भरणाऱ्यास अभय योजनेतून काहीच मिळत नाही. वारंवार माफी मिळू लागली, तर प्रामाणिकपणे भरणाराच वेडा ठरेल. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घरांसाठी ४० टक्के सवलत २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. त्याच धर्तीवर, झेपेल त्या प्रमाणात, स्वतःच्या लहान घरात राहून नियमित कर भरणाऱ्यांना सवलत मिळावी, असे आम्ही सुचवतो.

दर चार वर्षांनी करआकारणीची यादी सुधारली जाते व तीवर हरकती मागवल्या जातात. त्या वेळी आपल्या घराचे मोजमाप, वापर आणि नाव तपासून पाहावे. चूक तेव्हाच दुरुस्त करून घेतली, तर पुढे माफीसाठी हात पसरण्याची वेळ येणार नाही.