हौस कुणाच्या नावावर?

‘हौस’ हा शब्द आपल्या भाषेत बाईसाठी आणि पुरुषासाठी एकाच अर्थानं वापरला जात नाही. बाईची हौस कुणीतरी ‘पुरवायची’ असते. आधी वडील, मग नवरा, पुढे मुलगा. ती साडीची असते, दागिन्याची असते, डोहाळजेवणाची असते, आणि पुरवणाऱ्याचंच त्यात कौतुक होतं. पुरुषाची हौस मात्र त्याची स्वतःची असते. तो ‘शौकीन’ असतो. त्यानं जुनी मोटारसायकल घेऊन रविवारचा सबंध दिवस ती खोलत-जोडत बसावं, घरातल्यांनी चहा नेऊन द्यावा, आणि ‘त्याला पहिल्यापासूनच वेड आहे’ असं अभिमानानं सांगावं. हेच वेड बाईला असलं तर घरातले लोक आधी विचारतात, ‘हिला काय कमी आहे?’ जणू काही कमी असल्याशिवाय बाईला स्वतःचं असं काही आवडूच शकत नाही.

मला जुन्या गाडीचं वेड आहे. माझ्याकडे २००२ सालची फियाट पालिओ आहे, १.६ लिटर इंजिनाची. २०११ साली ती मी सेकंडहँड घेतली. मैत्रिणींनो, या अंकात गाडीबद्दल लिहिते आहे म्हणून बिचकू नका. गाडी हे निमित्त आहे. मालकी, माहिती आणि मोकळा वेळ या तीन गोष्टींबद्दल मला बोलायचं आहे. आपल्या शिबिरांत आपण या तिन्ही गोष्टींवर बोलतो, पण सहसा जमिनीच्या, शिक्षणाच्या आणि घरकामाच्या संदर्भात. हौसेच्या संदर्भात बोलायला आपल्यालाही थोडा संकोच वाटतो.

गाडीची ओळख थोडक्यात करून देते. पालिओ हे नाव इटलीतल्या सिएना गावच्या घोड्यांच्या शर्यतीवरून आलेलं. ही गाडी १९९६ साली प्रथम ब्राझीलमध्ये बाजारात आली आणि २००१ साली भारतात. इथे ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी, म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, जिथून बाहेर पडली तोच हा कारखाना. छोट्या गाडीत सोळा व्हॉल्व्हचं, सुमारे शंभर अश्वशक्तीचं इंजिन ही त्या काळी इथं नवलाईची गोष्ट होती. पेट्रोल ती भरपूर पिते. शहरात लिटरला नऊ-दहा किलोमीटर मिळाले तर मी खूश असते. पण खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती जशी सरळ ओढत जाते, आणि वळणावर रस्ता कसा आहे हे स्टिअरिंगमधून हाताला जसं कळतं, तसं मला नंतरच्या कुठल्याच गाडीत अनुभवायला मिळालं नाही.

आता देखभालीचं. जुनी गाडी सांभाळणं म्हणजे ती पुसून ठेवणं नव्हे. तिचा टायमिंग बेल्ट ठराविक किलोमीटर किंवा ठराविक वर्षं, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावाच लागतो. तो चालू इंजिनात तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात आणि इंजिनाचं काम निघतं. रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी घालून चालत नाही, कूलंटच लागतो, नाहीतर आतून गंज धरतो. रबराचे पाईप, बुश, इंजिन माऊंटिंग हे सगळं वयानं कडक होतं आणि तडकतं. त्यात हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि त्यासाठी न बनवलेल्या जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून पेट्रोलचे पाईप अधूनमधून बोटांनी चाचपून पाहावे लागतात. २०२० साली भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले तोवर फियाटच्या नावानं गाड्या विकणं इथं थांबलं होतं. त्यामुळे सुटे भाग शोधायला नाना पेठेतली दुकानं, कुर्ल्याचा भंगार बाजार, आणि अशीच गाडी असलेल्या इतर वेड्यांच्या ओळखी, एवढाच आधार.

हे सगळं मी शिकले. कुठल्या वर्गात नाही, तर गॅरेजमध्ये उभं राहून, प्रश्न विचारून, हात काळे करून. आणि इथेच मुद्दा येतो माहितीचा.

गॅरेज ही पुरुषांची जागा आहे हे पाटी लावून कुणी सांगत नाही. पण आत पाऊल टाकलं की कळतं. एकदा पुढच्या चाकाकडून खड्ड्यात ‘टक्‌ टक्‌’ आवाज येऊ लागला. मी घरी जॅक लावून, खाली टेकू देऊन, टॉर्चनं पाहिलं. लोअर आर्मचा बुश फाटलेला स्वच्छ दिसत होता. गॅरेजवाल्यानं गाडी न उचलताच सांगितलं, ‘मॅडम, अख्खा स्टिअरिंग रॅक बदलावा लागेल.’ मी बुशबद्दल बोलले तर तो म्हणाला, ‘तुम्ही जरा साहेबांना फोन लावून द्या, मी त्यांना समजावतो.’ साहेब! गाडी माझी, पैसे माझे, आवाज ऐकला मी, आणि समजावायचं साहेबांना. गाडी मी तिथून काढली, दुसरीकडे बुश बदलून घेतला, आवाज बंद झाला. काही हजारांचं काम काही शेकड्यांत झालं.

वाचलेल्या पैशांपेक्षा त्या वाक्याचा मी जास्त विचार केला. डॉक्टर बाईच्या पोटदुखीबद्दल नवऱ्याशी बोलतो, बँकेतला माणूस तिच्या ठेवीबद्दल मुलाशी बोलतो, तलाठी तिच्या जमिनीबद्दल दिराशी बोलतो. गॅरेजवाला त्याच रांगेतला. बाईच्या मालकीच्या गोष्टीबद्दलची माहिती तिच्या डोक्यावरून पलीकडच्या पुरुषाकडे जाते. याला उपाय एकच, माहिती आपल्या हातात घेणं. आता कुठल्याही गॅरेजमध्ये मी दोन गोष्टी न चुकता सांगते: काम सुरू करण्याआधी खर्च लिहून द्या, आणि काढलेला जुना भाग मला परत द्या. या दोन वाक्यांनी बोलण्याचा सूर बदलतो. सगळे मिस्त्री सारखे नसतात हेही सांगायला हवं. ज्या वयस्कर मिस्त्रींकडे मी आज जाते, त्यांनी मला प्लगचा रंग पाहून इंजिनाची तब्येत ओळखायला शिकवलं. ते मला ‘ताई’ म्हणतात आणि पाना माझ्या हातात देतात. शिकवण्याची ही रीत आपल्या शिबिरांतल्या तज्ज्ञांनीही उचलावी.

दुसरा मुद्दा मालकीचा. मोटारगाडीच्या इतिहासाची सुरुवातच इथून होते. कार्ल बेंझच्या धंद्यात लग्नाआधी पैसा घातला तो बेर्टानं, स्वतःच्या हुंड्यातून. १८८६ सालचं पेटंट मात्र कार्लच्या एकट्याच्या नावावर. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलग्यांना घेऊन मानहाइमहून फोर्झाइमला, शंभरेक किलोमीटरवर, गाडी घेऊन गेली. इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली, ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. म्हणजे जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासाची चालक बाई होती आणि वाटेतली मेकॅनिकही बाईच होती. तरी ‘बायकांना गाडीतलं काय कळतं’ हा विनोद सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

पैसा हिचा आणि नाव त्याचं, हा हिशेब आजही आपल्या घराघरांत चालू आहे. बाईच्या पगारातून हप्ते जाणाऱ्या किती गाड्यांचं आरसी बुक नवऱ्याच्या नावावर आहे, हे आपल्या गटात नुसतं हात वर करून मोजून पाहा. मी पालिओ घेतली तेव्हा नात्यातल्या एका काकांनी प्रेमानंच सुचवलं, ‘कागद जावयांच्या नावावर करा, आरटीओत हेलपाटे कशाला?’ फॉर्म २९ आणि ३० भरायला, त्यावर सही करायला, हेलपाटे घालायला मला काही अडचण नव्हती. नावावर असणं म्हणजे काय ते भांडण झाल्यावर कळतं. घर सोडायची वेळ आली तर दारातली गाडी कायद्यानं ज्याचं नाव त्याची असते, जिनं हप्ते फेडले तिची नव्हे. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांना आपण दागिन्यांची यादी विचारतो, तशी वाहनाच्या कागदांचीही विचारायला हवी.

तिसरा मुद्दा वेळेचा, आणि तो मला सर्वांत नाजूक वाटतो. बाईनं गाडी शिकावी याला आता कुणाचा फारसा विरोध नाही. मुलांना शाळेत सोडता येतं, सासऱ्यांना दवाखान्यात नेता येतं, भाजी आणता येते. म्हणजे तिच्या कामांत आणखी एका कामाची भर पडते, तिला ‘चाकं’ मिळतात ती कामाला जुंपण्यासाठी. महिन्यातून एका रविवारी पहाटे मी एकटीच ताम्हिणी घाटात जाऊन येते. कुणाला पोचवायचं नसतं, काही आणायचं नसतं. ‘मग जातेस कशाला?’ असं विचारणाऱ्यांना मी सांगते, जायला. हा बिनकामाचा वेळ मागणं ही माझ्या मते खूप मोठी मागणी आहे. सौदी अरेबियात ६ नोव्हेंबर १९९० रोजी सत्तेचाळीस बायका रियाधच्या रस्त्यांवर गाड्या घेऊन निघाल्या, पकडल्या गेल्या, काहींच्या नोकऱ्या गेल्या. तिथली बंदी उठायला २४ जून २०१८ उजाडावा लागला. बाईच्या हाती चाक म्हणजे ती कुठे जाईल हे तिनं ठरवणं, आणि सत्तेला धास्ती वाटते ती याचीच.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते आपल्यातूनच येणार आहेत आणि रास्त आहेत.

पहिला आक्षेप, हे सुखवस्तू बाईचं दुखणं आहे. जिच्या गावात एसटी येत नाही तिनं जुन्या गाडीच्या हौसेबद्दल का वाचावं? खरं आहे. माझी हौस आणि तिची एसटी यांत निवड करायची तर एसटीच आधी. माझं म्हणणं एवढंच, की गरीब बाईला फक्त गरजा असतात, हौस नसते, असं आपण कार्यकर्त्यांनीही धरून चालू नये. आणि पाना धरण्याचं कौशल्य ही सुखवस्तू गोष्ट नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स आहे, त्यात मुली गेल्या तर त्यांना शिवणकामापलीकडचा रोजगार दिसेल.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त प्रदूषण करते, हे मी नाकारत नाही. म्हणून मी रोज बसनं जाते, गाडी वर्षाला तीनेक हजार किलोमीटरच चालते, पीयूसी वेळच्या वेळी होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नोंदणी नव्यानं करावी लागते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या मोटारगाड्यांसाठी २०२५ मध्ये १०,००० झाली. २०२७ साली मी ती भरीन. तपासणी कडक असावी, नापास गाडी रस्त्यावर नसावी. पण चालती वस्तू मोडीत काढून नवी घ्या, हाच एक पर्यावरणाचा मार्ग, असं कारखानदार सांगतात तेव्हा त्यांचा गल्लाही पाहावा. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना ‘दुरुस्त करून वापरा’ कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तिसरा आक्षेप वेगाचा. वेगाची मस्ती ही पुरुषी नाही का? जाहिरातींनी ती तशी करून ठेवली आहे. १९८२ साली मिशेल मूटों ही फ्रेंच बाई जागतिक रॅली स्पर्धेत तीन रॅल्या जिंकून दुसरी आली, तरी वेग पुरुषांचाच राहिला! मला स्वतःला शर्यत नको आहे. रस्ता आधी पायी चालणाऱ्यांचा आहे आणि वेगमर्यादा पाळूनही वळण नीट घेण्यातला आनंद मिळतो. एक अवघड वस्तू आपल्या हातात नीट चालते आहे, हा तो आनंद. भाकरी टम्म फुगते तेव्हाचा आनंद याच जातीचा असतो, फक्त तो आपला आपल्यासाठी क्वचितच असतो.

तर सुचवायचं ते असं. आपल्या पुढच्या शिबिरात एक सत्र वाहनाचं ठेवू या. चाक बदलणं, ऑइल-कूलंट पाहणं, आरसी आणि विम्याचे कागद वाचणं. स्कूटी असो, रिक्षा असो की मोटार. एखाद्या मिस्त्रीला बोलावू, आणि मिळाली तर बाई मिस्त्रीलाच. आणि त्या दिवशी प्रत्येकीनं एक प्रश्न स्वतःला विचारावा: माझी अशी कोणती हौस आहे, जी कुणी पुरवायची नाही, मीच करायची आहे? उत्तरं जरूर लिहून पाठवा. गाडीबद्दलच असली पाहिजेत असं मुळीच नाही.