माप घ्यावे ते कव्हरासकट

मोबाईलच्या पेटीवर जे वजन आणि जी जाडी छापलेली असते ती त्या वस्तूची खरी मापे नव्हेत, हे दुकानाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच तिच्या पाठीवर रबरी कव्हर आणि तोंडावर टेम्पर्ड ग्लास चढवून घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकास अनुभवाने ठाऊक असते. तथापि या अनुभवातून जो निष्कर्ष निघावयास हवा, तो काढण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम या जुन्या, झाडीच्या आणि विद्यापीठाच्या शेजारामुळे पेन्शनरांची वस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात पहाटे बाहेर पडावे आणि कुक्करहळ्ळीच्या तळ्याला फेरी घालणाऱ्या वयोवृद्ध मंडळींच्या सदऱ्यांकडे क्षणभर निरखून पाहावे. एकेकाळी चष्म्याचे घर आणि एखादे पेन एवढ्याच ऐवजासाठी शिवलेला तो वरचा खिसा आज दोनशे ग्रॅमांवरच्या मोबाईलने ओढून छातीखाली आणलेला दिसतो. कोणी तो खिशातून काढून हातात धरतो, कोणी गळ्यातल्या पिशवीत अडकवितो, आणि वाकून चपलेचा पट्टा सारखा करताना तो निसटून फरशीवर आपटला, की ज्या जिन्नसाने एवढे वजन अंगावर बाळगले त्याची काच एका आघातात जाळीदार होते. वस्तू जड असेल तर ती निदान भक्कम असावी, ही आपल्या आज्या-पणज्यांच्या संसारातील साधी अपेक्षा. या यंत्राने ती मोडीत काढली आहे.

नेहमीच असे नव्हते. १९८३ साली अमेरिकेत विक्रीस आलेला मोटोरोलाचा डायनाटॅक सुमारे आठशे ग्रॅमांचा होता, दहा तास विजेवर ठेवल्यावर अर्धा तास बोलू देई, आणि ३,९९५ डॉलर मोजणाऱ्या धनिकाखेरीज कोणाच्या हाती पडण्याची शक्यता नव्हती. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना दिल्लीस फोन लावून आपल्या देशात या युगाचा श्रीगणेशा केला, तोपर्यंत यंत्र हातात मावेल इतके आटोपशीर झाले होते. त्यानंतरच्या दशकात आकार, वजन आणि टिकाऊपणा या तिन्हींचा जो मेळ बसला, तो माझ्या मते पुन्हा कधी बसला नाही. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० चे वजन अवघे ८६ ग्रॅम होते. धूळ शिरू नये म्हणून त्याच्या बटणांवर एकसंध रबरी आवरण होते आणि डोक्यावर विजेरी होती, कारण तो करताना कारखानदाराच्या नजरेसमोर आपल्यासारख्या देशातले रस्ते आणि आपल्यासारख्या देशातला अंधार होता. तो पडला की पाठीचे झाकण एका बाजूस, बॅटरी दुसऱ्या बाजूस आणि उरलेला सांगाडा तिसऱ्या बाजूस जाई, आघाताचा जोर असा तिघांत वाटला जाई, आणि मालक तिन्ही तुकडे गोळा करून, फुंकर मारून, पुन्हा जुळवून बोलणे पुढे चालू करी. सुमारे पंचवीस कोटी नग खपलेल्या या यंत्राची बॅटरी, जिचे बीएल-५सी हे नाव खेड्यातल्या दुकानदारासही तोंडपाठ होते, पुढे स्वस्त रेडिओंतही बसू लागली.

पुढे काय बदलले, याचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक नियमांत आहे. पातळ पट्टीचा वाकण्यास होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. जाडी निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. २०१४ साली ७.१ मिलिमीटर जाडीचा आयफोन ६ प्लस लोकांच्या विजारींच्या खिशात वाकू लागला, तेव्हा या नियमाने आपला अंमल जाहीरपणे बजावला, आणि पुढच्याच वर्षी ॲपल कंपनीस अधिक कठीण प्रतीचे ॲल्युमिनियम वापरणे भाग पडले. दुसरा नियम असा, की पडणारी वस्तू जेवढी जड तेवढा जमिनीशी होणारा तिचा आघात मोठा. म्हणजे मजबुतीसाठी घातलेले वजन पडतेवेळी मजबुतीच्याच विरुद्ध साक्ष देते. काचेचेही तेच. वितळलेल्या क्षारात बुडवून तिच्यातील सोडियमच्या जागी पोटॅशियमचे थोराड अणू घुसविले की तिचा पृष्ठभाग दाबला जाऊन ती चिवट होते खरी, परंतु ओरखडा सोसणारी काच आणि पडणे सोसणारी काच या एकच नव्हेत, आणि एकीचे गुण वाढवू जाता दुसरीचे घटतात. त्यातून वायरीवाचून चार्जिंग करावयाचे तर धातूची पाठ आडवी येते, म्हणून पाठही काचेची करण्याची चाल पडली. जिथे पूर्वी फुटण्याजोगी एक बाजू होती, तिथे आता दोन आहेत.

धातूंच्या बाबतीतली धरसोड तर मौजेची आहे. पोलादाच्या चौकटीचा आयफोन १४ प्रो मॅक्स २४० ग्रॅम भरला, म्हणून पुढील वर्षी टायटॅनियम आणून तो २२१ ग्रॅमांवर उतरविला आणि त्याचा डांगोरा पिटला. आणि २०२५ साली त्याच कंपनीने उष्णता लवकर बाहेर पडावी म्हणून प्रो जातीच्या मोबाईलांस पुन्हा ॲल्युमिनियमच बहाल केले. त्याच वर्षी सॅमसंगने ५.८ मिलिमीटरचा आणि ॲपलने ५.६ मिलिमीटरचा मोबाईल बाजारात मांडला. दोहोंचे वजन १६५ ग्रॅमांहून अधिक नाही, हे कौतुकास्पद आहे, नाही असे नाही. परंतु एवढी कृशता ज्या बॅटरीच्या खर्चातून वसूल केली, तिचा उल्लेख जाहिरातीत त्याच टाइपात येत नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. मोठा पडदा लोकांनीच मागितला आहे. ज्यांचे डोळे साठीपलीकडे गेले, ज्यांना बँकेचा व्यवहार, दवाखान्याची वेळ आणि परदेशी असलेल्या नातवंडांचे मुखदर्शन या एकाच चौकटीतून घ्यावयाचे आहे, त्यांच्यावर लहान पडद्याची सक्ती करणे हे तत्त्वज्ञान नव्हे, क्रौर्य होय. ॲपलने २०२० आणि २०२१ साली आयफोनच्या लहान आवृत्त्या काढल्या, त्यांचे चाहते पुष्कळ बोलले, थोडेच खरेदीस आले, आणि २०२२ च्या नव्या मालिकेत ती जात उरली नाही. तेव्हा आकार ही लोकेच्छा आहे आणि वजन हे बव्हंशी तिचे फळ आहे, हे मान्य करावयास हवे. मात्र सडपातळपणा कोणी मागितला? म्हैसूरच्या देवराज अर्स रस्त्यावर मोबाईलच्या दुकानांतून माळांसारखी लटकणारी कव्हरे पाहिली, की उत्तर मिळते: कारखान्याने मिलिमीटरच्या दशांशासाठी केलेली सारी तपश्चर्या गिऱ्हाईक दीडशे-दोनशे रुपयांच्या कव्हराने पाच मिनिटांत रद्दबातल ठरवितो. जाडी आणि वजन दोन्ही परत येतात. फरक एवढाच, की टिकाऊपणाचा खर्च जो कारखानदाराच्या खाती पडावयाचा, तो गिऱ्हाइकाच्या खाती पडतो, आणि पेटीवरचा आकडा जसाच्या तसा राहतो. याला व्यापारी चातुर्य म्हणावे की लबाडी, हे ज्याने त्याने ठरवावे; मी दुसऱ्या शब्दाच्या बाजूचा आहे.

टिकाऊपणा म्हणजे न फुटणे, ही समजूतही अपुरी आहे. याच शहरात यादवगिरीला आयडियल जावाचा कारखाना होता. १९६० च्या सुमारास इराणी कुटुंबाने म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयाने तो उभारला, १९७३ पासून त्याच्या मोटारसायकली येझदी या नावाने निघू लागल्या, आणि १९९६ साली तो बंद पडला. कारखाना गेल्यास पाव शतक उलटून गेले, तरी त्या गाड्या आजही म्हैसूरच्या रस्त्यांवर फटफटत असतात, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी त्यांचे शौकीन आपला दिवस साजरा करतात. त्यांचे यंत्र मोडत नव्हते असे मुळीच नाही. परंतु मोडलेले उघडता येई, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीस ते समजे, आणि सुटा भाग मिळे किंवा घडविता येई. एकाच दांड्याने किक मारावी आणि तोच दांडा गिअर टाकण्यास वापरावा, अशी त्यांतली काटकसरही वजन वाचविण्याचीच होती. ती करताना कोणी स्क्रू काढून टाकून गोंद लावला नाही. आजच्या मोबाईलात बॅटरी डिंकाने चिकटविलेली असते, ती काढण्यासाठी पाठीची काच तापवून सोलावी लागते, आणि ज्या भागाचे आयुष्य सर्वांत अल्प तोच सर्वांत दुर्गम जागी बसविलेला असतो. एवढ्या सडपातळपणासाठी एवढी किंमत मोजण्याचा करार आपण कोणाशी केला होता?

युरोपीय संघाने या बाबतीत कायद्याचा हात पुढे केला आहे. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या मोबाईलास कव्हराशिवाय ४५ वेळा पडण्याची परीक्षा द्यावी लागते. ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत मूळ क्षमतेच्या ८० टक्के जोर उरावा लागतो. सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षे पुरवावे लागतात. आणि पडण्याची व दुरुस्तीची प्रतवारी पेटीवरच्या लेबलावर अक्षराने छापावी लागते. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाविषयीचा आपला अहवाल सादर केला. तिचा भर उघडण्याच्या सोयीवर, सुट्या भागांवर आणि दुरुस्तीच्या माहितीवर आहे, आणि तो योग्यच आहे; परंतु गुण देण्याचे काम कंपनीच्या स्वयंघोषणेवर सोपवावे, ही त्यातील तजवीज मला आरोपीनेच निकाल लिहिण्यासारखी वाटते.

नंजनगूडला, म्हणजे म्हैसूरपासून तासाभराच्याही आत, १९९९ पासून एका ऑस्ट्रियन कंपनीचा सर्किट बोर्डांचा कारखाना चालतो, आणि मोबाईल जुळविण्याचे मोठमोठे कारखाने कर्नाटकात आणि तामिळनाडूत उभे राहिले आहेत. जो देश ही यंत्रे स्वतः घडवितो, त्याने मापे मात्र परक्यांच्या जाहिरातीवरून घ्यावीत, यास आता सबब उरलेली नाही. सरकारने त्या निर्देशांकात पडण्याच्या परीक्षेची भर घालावी, ती परीक्षा कंपनीबाहेरील प्रयोगशाळेकडून करवावी, आणि जो मोबाईल ती कव्हरावाचून उत्तीर्ण होणार नाही त्याच्या पेटीवर वजन व जाडी कव्हरासकट छापण्याचा हुकूम काढावा. तोपर्यंत वाचकांनी निदान एवढे करावे: पुढचा मोबाईल घेताना दुकानदारास तो कव्हर घालूनच हातात द्यावयास सांगावे, आणि बॅटरी बदलण्यास किती पैसे व किती दिवस लागतील, हे किमतीच्या आधी विचारावे.