साहेबाच्या भेटीची दंतकथा

अनेक घरांत पणजोबांचे खिशातले घड्याळ जपलेले असते आणि त्यासोबत एक ठरलेली कथाही: ‘इंग्रज साहेबाने खूश होऊन दिले.’ ही कथा इतिहास म्हणून स्वीकारण्यापूर्वी घड्याळाचे मागचे झाकण उघडावे.

इंग्लंडमध्ये प्रमाणित झालेल्या चांदीच्या आवरणावर सिंहाची मुद्रा असते. शेजारी जहाजाचा नांगर असेल तर परीक्षण बर्मिंगहॅमचे, बिबट्याचे मुख असेल तर लंडनचे. सोबतचे अक्षर वर्ष सांगते. वॉल्थमसारख्या अमेरिकी घड्याळाचा निर्मितीकाळ आतल्या यंत्रावरील क्रमांकावरून कळतो. आवरण पुढे बदललेले असू शकते, म्हणून दोन्ही पुरावे स्वतंत्रपणे तपासावेत.

तबकडीवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबई-कलकत्ता’ असे असेल, तर ते घड्याळ इथल्याच बाजारात विकण्यासाठी आलेले होते. मग साहेबाची गरज कोणाला? कारकुनी वा रेल्वेची नोकरी करणाऱ्या पणजोबांनी पगारातून पै-पै साठवून ते घेतले असेल, ही शक्यता वारसांना कमीपणाची का वाटावी?

भेटीचा कोरीव मजकूर नाही, पत्र नाही, नोंद नाही. तरीही पूर्वजाची कमाई साहेबाच्या औदार्याच्या खाती जमा करणे, हा त्या पूर्वजावरचा अन्यायच होय.