सेकंडहँड करवत, फर्स्टहँड बोटं

तर मंडळी, या आठवड्याचा विषय जरा हटके आहे. ना नवा कॅफे, ना वीकएंड गेटअवे. विषय आहे टेबल सॉ. म्हणजे मधोमध गोल पातं वर आलेलं टेबल, ज्यावर फळी ढकलली की ती सरळसोट चिरली जाते. आपल्या फर्निचरवाल्याच्या वर्कशॉपमध्ये जे केकाटत असतं ना, तेच. आणि तेही सेकंडहँड!

हसू नका. माझ्या ओळखीत सध्या कमीत कमी चार जण सुतारकामाच्या नादाला लागलेत. एक जण हिंजवडीत कोड लिहितो आणि शनिवारी बुकशेल्फ बनवतो. दुसरी बँकेत आहे, तिने घरच्या कुत्र्यासाठी डायनिंग टेबल केलंय (खरंच). दिवसभर स्क्रीनवर जे करतो ते हातात धरता येत नाही, म्हणून ही खाज. मलाही आहे. दोन वर्षं जिगसॉ आणि हातकरवतीवर काढल्यावर मला सरळ कट हवा होता. नवी मशीन बजेटबाहेर. मग उरतो ऑनलाइन जाहिरातींचा महासागर. ‘एक्सलंट कंडिशन, ओन्ली सीरियस बायर्स.’

सेकंडहँड बाइक घेताना आपण काय बघतो? किलोमीटर, टायर, मालक किती. टेबल सॉला किलोमीटर नसतात. वर चकाचक रंग मारलेला असतो आणि विकणारा बटण दाबून म्हणतो, ‘बघा, एका झटक्यात चालू!’ चालू होणं ही सगळ्यात फालतू टेस्ट आहे, हे पहिल्याच दिवशी कळलं. मोटरचे कार्बन बदलता येतात, बेअरिंग बदलता येतं, पट्टा बदलता येतो, ब्लेड तर बदलायचंच असतं. बघायचं ते जे बदलता येत नाही ते. आणि त्याहून जास्त, जे आधीच्या मालकाने काढून ठेवलंय ते.

माझ्यासोबत आमच्या घरचं किचन केलेले मिस्त्रीकाका होते. तीस वर्षांचा अनुभव आणि साडेनऊ बोटं. डाव्या हाताच्या तर्जनीचं शेवटचं पेर एका कारखान्यातल्या मशीनने नेलं. काका त्याबद्दल बोलत नाहीत. पण ब्लेडजवळ जाताना त्यांचा हात जो सावकाश होतो, ते बघून मी काय ते समजले.

पहिली मशीन धायरीला, बंद पडत चाललेल्या वर्कशॉपमध्ये. ओतीव लोखंडाचं टेबल, खाली मोटर, पट्ट्यावर चालणारी. काय देखणी होती! वरचा गंज बघून मी नाक मुरडलं, तर काका म्हणाले, ‘गंज पॉलिश पेपरने जातो ताई, तडा जात नाही.’ टेबलाला तडा नव्हता, पातं लोण्यासारखं फिरत होतं. किंमतही बरी. पण मोटर थ्री फेज. घरगुती सिंगल फेज कनेक्शनवर ती चालायची नाही. मोटर बदला, स्टार्टर बदला, आणि वजन इतकं की चार माणसं आणि टेम्पो लागणार. तुमच्याकडे शेड असेल, थ्री फेज असेल, तर अशीच शोधा. हे लोखंड नव्या पोर्टेबल मशीनपेक्षा जास्त वर्षं टिकतं. फ्लॅटवाल्यांनी फक्त हात फिरवून घरी यावं.

दुसरी मशीन खरं तर मशीनच नव्हती. प्लायवूडला भोक पाडून खाली हातातलं कटर उलटं बांधलेलं, स्विच तारेने कायमचा दाबून ठेवलेला. साइटवर असला जुगाड सर्रास दिसतो. त्यावर पोटं भरतात, त्यामुळे मी तोंड वाकडं करणार नाही. पण तीन हजार रुपये देऊन, हौसेखातर, हे घ्यायचं? बंद करायला प्लगपर्यंत पळावं लागेल अशी करवत? नो वे.

तिसरी बाणेरला. विकणारा आमच्याच वयाचा, कॅनडाला चाललेला. पोर्टेबल टेबल सॉ, १० इंची, म्हणजे २५४ एमएमचं ब्लेड, १८०० वॅट. मागत होता २२ हजार. हिची तपासणी आम्ही दीड तास केली. मुलाने दोनदा चहा विचारला, तिसऱ्यांदा विचारलाच नाही.

आधी प्लग काढून हातात घेतला. (माझ्या हातात, विकणाऱ्याच्या नाही.) मग काकांनी लांब स्टीलची पट्टी टेबलावर कडेवर उभी ठेवली. आडवी, उभी आणि दोन्ही कोपऱ्यांतून तिरकी. मागून मोबाइलचा टॉर्च. पट्टीखालून उजेड आला तर तिथे टेबल खोलगट. थोडा उजेड चालतो. आपला प्रिंटरचा साधा कागद साधारण ०.१ एमएम जाड असतो. त्याची पट्टी सरकवून बघायची. एक कागद गेला तर हरकत नाही, पाच-सहा कागदांची घडी आरामात गेली तर टेबल पिळलेलं आहे आणि ते घरी सरळ होत नाही. आमचं एका कोपऱ्यात जेमतेम एक कागद घेत होतं. पास.

मग पातं. ते हाताने धरून (प्लग काढलेलाच!) आत-बाहेर, वर-खाली हलवून बघायचं. जरासुद्धा ‘टक’ जाणवलं तर बेअरिंग गेलंय किंवा दांडाच झिजलाय. बेअरिंग असेल तर किमतीतून कापा, दांडा असेल तर नमस्कार करा. मग पातं सावकाश फिरवायचं. ते लहरत असेल तर दोष पात्याचा की दांड्याचा? म्हणूनच काका स्वतःचं एक नवंकोरं ब्लेड पिशवीत घालून आले होते. विकणाऱ्याला आधी फोन करून मधल्या भोकाचं माप विचारलेलं, कारण ते २५.४ एमएम असतं तसं ३० एमएमही असतं. ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा, हेही बघून. जुनं ब्लेड लहरत होतं, काकांचं नाही. म्हणजे दांडा सरळ. मनातल्या मनात मी टाळ्या वाजवल्या.

पुढची ट्रिक मला सगळ्यात आवडली. पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करायची. तो दात पुढे आणून टेबलातल्या खाचेपासून त्याचं अंतर मोजायचं. मग तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजायचं. तोच दात, दुसरा नाही, नाहीतर पात्याचा वाकडेपणा मोजला जाईल. दोन्ही अंतरं सारखी म्हणजे पातं खाचेला समांतर. फरक असेल तर बऱ्याच मशीनमध्ये खालचे बोल्ट सैल करून तो काढता येतो, पण विकत घ्यायच्या आधी ते बोल्ट जागेवर आहेत का ते बघा. तीच गंमत फेन्सची, म्हणजे ज्या उभ्या पट्टीला टेकवून लाकूड ढकलतो तिची. लॉक करा, पुढे-मागे मोजा, पुन्हा उघडा, पुन्हा लॉक करा, पुन्हा मोजा. मागच्या बाजूला फेन्स पात्याकडे झुकत असेल तर लाकूड चिमट्यात सापडतं. आणि मग जे होतं त्याला म्हणतात किकबॅक.

इथे जरा थांबूया. पात्याचा पुढचा भाग लाकूड खाली दाबतो, मागचे दात मात्र वर येत असतात. चिरलेलं लाकूड मागे पुन्हा मिटलं, किंवा फेन्सने दाबलं गेलं, की ते वर येणारे दात त्याला उचलतात आणि थेट तुमच्या पोटाकडे भिरकावतात. वेगाचा हिशोब करून बघा. २५४ एमएमचं पातं मिनिटाला ३६५० फेरे घेत असेल तर दाताचा वेग ताशी जवळपास १७५ किलोमीटर होतो. एक्स्प्रेसवेवर पावती फाटेल असा. फळी तर उडतेच, पण तिच्यावर ठेवलेला हात पात्याकडे ओढला जातो. बोटं जातात ती बऱ्याचदा अशी.

यावर उपाय आहे पात्यामागे उभी असलेली एक पातळ पोलादी पाचर, रायव्हिंग नाइफ. ती पात्याबरोबर वर-खाली होते आणि चिरलेल्या फटीला मिटू देत नाही. तिची जाडी ब्लेडच्या अंगापेक्षा थोडी जास्त आणि कटच्या रुंदीपेक्षा थोडी कमी हवी. साधा लोखंडाचा तुकडा, पण हाच नेमका जागेवर नसतो. वर पारदर्शक गार्ड असतं, तेही नसतं. अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या भौतिकशास्त्र शिकलेल्या पेटंट वकिलाने तर बोट लागताच ५ मिलिसेकंदांच्या आत पातं थांबवणारी यंत्रणा काढली. सॉस्टॉप. २००४ पासून त्या मशीन तिकडे विकल्या जातात आणि डेमोला बोटाऐवजी हॉटडॉग लावतात. आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात तसलं काही मिळेल या आशेवर राहू नका. आपल्याकडे ती पाचर आहे. ती तरी असू द्या.

बाणेरच्या मशीनवर ती नव्हती. ‘ते लावलं की मध्ये येतं, म्हणून कधी लावलंच नाही,’ मुलगा म्हणाला. काका काही बोलले नाहीत. पिशवी उचलली आणि चपला घालायला लागले. मी विचारलं, ‘काका, पाचर नंतर बाहेरून आणू की.’ तर म्हणाले, ‘दुसऱ्या मशीनची हिला बसत नाही ताई. आणि हिची सुटी मिळेल याची गॅरंटी कोण देणार? हा तर कॅनडाला.’ मुलगा बिचारा माळ्यावर चढला. दहा मिनिटं खडखड. खाली आला तो बॉक्ससकट. रायव्हिंग नाइफ, गार्ड, पुश स्टिक, सगळं फॅक्टरीच्या प्लॅस्टिकमध्ये सीलबंद!

खरं सांगते, वापरलेल्या मशीनमध्ये हाच मला सगळ्यात मोठा क्लू वाटतो. ज्याने गार्ड काढून फेकलं, त्याने ब्लेड तरी वेळेवर बदललं असेल का? आत साचलेला भुसा काढला असेल का? या मुलाने गार्ड लावलं नाही, पण मशीनही फारशी चालवली नव्हती. आतला भुसा मूठभर, पात्याच्या कडेला जळकी राळ नाही, मोटरपाशी जळल्याचा वास नाही.

मग कुठे प्लग लावला. पाचर, गार्ड जागेवर, सगळे बाजूला उभे. आवाज कर्कश होता, पण पोर्टेबलच्या मोटरचा तसाच असतो. त्यात घरघर किंवा खडखड नको. टेबलावर पाच रुपयांचं नाणं कडेवर उभं करायची एक फेमस टेस्ट आहे. मशीन चालू केल्यावर नाणं पडलं नाही तर मशीन भारी. ती पट्ट्यावर चालणाऱ्या जड मशीनसाठी ठीक. पोर्टेबलवर नाणं पडतं, म्हणून भाव पाडायला जाऊ नका.

शेवटची टेस्ट मात्र कोणीच करत नाही. मशीन चालू असताना भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. पातं पूर्ण थांबू दिलं. मग, कोणी जवळ नसताना, बटण पुन्हा चालू. मशीन आपोआप सुरू व्हायला नको. दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट जाणं पुणेकरांना काही नवं नाही. लाइट गेली, तुम्ही टेबलावरचा भुसा झाडायला हात घातला आणि तेवढ्यात लाइट आली तर? बाणेरची मशीन गप्प राहिली. गुणी बाळ. ज्यांचा स्विच साधा असेल त्यांनी योग्य क्षमतेचा नो-व्होल्ट स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा आणि तो खर्च किमतीतून वळता करावा.

मग १८ एमएम प्लायचा एक तुकडा चिरून कट गुण्याला लावून बघितला. काटकोन पक्का, कडा जळलेल्या नाहीत. आता घासाघीस. माझा फंडा सिंपल आहे. त्याच मॉडेलची आजची नवी किंमत फोनवर काढायची, कारण मालकाला आठवते ती त्याने मोजलेली. त्यातून नवं ब्लेड, कार्बनची जोडी आणि वॉरंटी नसल्याची भीती वजा करायची. उरलेली रक्कम नव्याच्या दोन तृतीयांशाच्या वर गेली तर माझ्या मते थोडे महिने थांबून नवीच घ्यावी. आणि पाचर-गार्ड नसेल तर फुकट दिली तरी मी आणणार नाही. २२ हजारांचे १६,५०० झाले. काकांनी १६ वर आणायला सांगितलं होतं, पण मुलाने माळ्यावर इतकी धूळ खाल्ली होती की मला लाज वाटली.

जाता जाता बायकांसाठी एक एक्स्ट्रा टीप, जी दुकानात कोणी देत नाही. ओढणी, बांगड्या, मोकळे केस, काहीही नाही. आणि हातमोजेही नाहीत. मोजा दातात अडकला की हात आत खेचला जातो. चष्मा आणि कानाला मफ मात्र हवेतच.

मशीन सध्या आई-बाबांच्या रो हाऊसच्या पार्किंगमध्ये आहे. १८०० वॅट म्हणजे जवळपास ८ अँपिअर, तिथला ६ अँपिअरचा साधा सॉकेट पुरणार नाही. सोमवारी इलेक्ट्रिशियन येऊन १६ अँपिअरचा पॉइंट काढून देतोय. शेजारच्या काकूंना दुपारी दोन ते चार आवाज करणार नाही असा शब्द दिलाय. त्यांना त्या बदल्यात चपलांचा स्टँड हवाय, पाच कप्प्यांचा.