खुर्चीतला माणूस कोणालाच दिसला नाही

माझ्या धाकट्या भावाला २००३ साली आमच्या गल्लीतली पोरं ‘रोहित’ म्हणायची. २०१३ च्या दिवाळीत गल्लीतल्या पुढच्या पिढीनं त्याला ‘काल’ करून टाकलं. मधल्या दहा वर्षांत त्याला मिसरूड फुटलं, आवाज फुटला. बाकी जन्मापासूनची सेरेब्रल पाल्सी, चाकांची खुर्ची, अडखळत येणारा शब्द आणि एकदा ऐकलेलं कधीच न विसरणारं डोकं, सगळं जिथल्या तिथं होतं. बदलला होता तो राकेश रोशन यांचा सिनेमा. ‘क्रिश ३’वरून वर्षानुवर्षं घसा फोडणारी जेवढी माणसं मला भेटली, त्यांतल्या एकानंही या बदलाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. मला त्या सगळ्यांशी भांडायचं आहे.

निमित्त ‘क्रिश ४’चं. हा चित्रपट हृतिक रोशन स्वतः दिग्दर्शित करणार, अशी घोषणा २८ मार्च २०२५ ला झाली आणि जुनी मढी पुन्हा उकरली गेली. आमच्या जबलपूरच्या सिविक सेंटरच्या चहाच्या टपरीवर तेच, गोलबाजारात तेच, आमच्या नात्यातल्या लग्नाच्या पंगतीतही तेच. एका बाजूला अभिमानवाले: आपला देशी सुपरहिरो आहे, त्याला नावं ठेवाल तर खबरदार. दुसऱ्या बाजूला नक्कलवाले: ‘अरे बड्डे, पूरी एक्समेन की कॉपी है!’ तिसरं मत मांडायला तोंड उघडलं, की दोन्ही बाजू मिळून आधी विचारतात, तू नक्की कोणाची?

जबलपूरनं सिनेमावर मत द्यावं, हा त्याचा हक्कच आहे. प्रेमनाथांचं एम्पायर थिएटर याच गावात होतं. राज कपूर यांच्या ‘जिस देश में गंगा बहती है’चं चित्रीकरण भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमध्ये झालं. ‘मोहेंजो दारो’साठी खुद्द हृतिक इथल्या नर्मदेवर येऊन गेला. ‘रा.वन’मधला खलनायक रंगवणारा अर्जुन रामपाल तर जन्मानंच जबलपूरचा. एवढं सगळं उशाला असलेल्या गावानं सिनेमा बघायचा कसा हे विसरावं, याचा मला संताप येतो.

पहिल्यांदा नक्कलवाल्यांकडे वळते, कारण ते स्वतःला जाणकार समजतात. ‘क्रिश ३’ १ नोव्हेंबर २०१३ ला आला. तो मध्य प्रदेशचा स्थापना दिवस. माझे आजोबा १९५६ साली, हे राज्य झालं तेव्हा, हायकोर्टाच्या नोकरीपायी नागपूरहून इथं आले, त्यामुळे आमच्या घरात ही तारीख कोणी विसरत नाही. त्या दिवाळीला पुण्याचा मामेभाऊ आला होता. मध्यंतरातच त्यानं निकाल दिला: सगळं उचललेलं आहे, स्पेशल इफेक्ट्स बालिश आहेत. मग त्याच नोव्हेंबरात ‘थॉर: द डार्क वर्ल्ड’ आला. तोही सुपरहिरोचा पुढचा भाग, तोही कथेनं विस्कळीत, आणि त्या मालिकेतला दुबळा भाग म्हणून तो आजही ओळखला जातो. मामेभावाला मात्र तो ‘टाइमपास म्हणून ठीक’ वाटला. परदेशी चित्रपटाला सवलतीचे गुण आणि घरच्याला छडी, याला जाणकारी म्हणत नाहीत. ही लाज आहे. आपला माणूस काळा झगा आणि मुखवटा घालून उडतो, हे चारचौघांत बघायची लाज.

आणि ज्या एक्समेनचं नाव घेऊन हे लोक आरडाओरडा करतात, ते तरी यांनी नीट पाहिलेत का? तिथं चाकांच्या खुर्चीत कोण बसतं? प्रोफेसर एक्स. उत्परिवर्तित मुलांना आसरा देणारा, शिकवणारा, शत्रूशीही आधी बोलून बघणारा मास्तर. ‘क्रिश ३’मध्ये त्या खुर्चीत कोणाला बसवलंय? कालला. मानेखाली लुळा, फक्त दोन बोटं हलवू शकणारा आणि त्या बोटांच्या इशाऱ्यावर वस्तू भिरकावणारा, माणसं मारणारा विवेक ओबेरॉय. खुर्ची उचलली आणि तिच्यातल्या मास्तराच्या जागी राक्षस बसवला. नक्कल मोजायला बसलेल्यांना एवढी मोठी उलटापालट दिसू नये? रूप बदलणारी काया त्यांना दिसली, धातूचं चिलखत दिसलं, माणूस आणि जनावर मिसळून केलेले मानवर दिसले. खुर्ची दिसली नाही. कारण खुर्चीतला माणूस दुष्ट असणं त्यांना खटकलंच नाही. ते त्यांना आधीपासून पटलेलं होतं.

अभिमानवाल्यांचा गुन्हा निराळा. त्यांना सिनेमाशी देणंघेणंच नाही, त्यांना कोटींचे आकडे पाहिजेत. ‘क्रिश ३’नं पहिल्या आठवड्यात किती कमावले, ते आकडे खरे की फुगवलेले, यावर तेव्हा जी हमरीतुमरी झाली ती मी कानांनी ऐकली आहे. तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरलेली ही माणसं निर्मात्याच्या गल्ल्यावर बसल्यासारखी बोलत होती. अरे, तुमच्या हातात त्यातला एक रुपया तरी येणार होता का? आणि प्रेम म्हणाल, तर या मालिकेवर प्रेम असणाऱ्यानंच सगळ्यात आधी उठून विचारायला हवं होतं, की मालिकेच्या पहिल्या भागानं, ‘कोई मिल गया’नं, दिलेला शब्द दहा वर्षांत का मोडला?

तो शब्द काय होता ते सांगते. ८ ऑगस्ट २००३ ला ‘कोई मिल गया’ आला तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. बाबांनी त्याला पाठुंगळी घेऊन थिएटरचे जिने चढवले. पडद्यावर रोहित मेहरा: वाढलेल्या शरीराचा, लहान मुलाच्या बुद्धीचा, पायानं ढकलायची स्कूटर घेऊन फिरणारा, चेष्टेचा धनी झालेला, तरीही आख्ख्या सिनेमाचा नायक. त्याचे मित्र म्हणजे सगळी लहान मुलं. त्याच्यासाठी भांडणारी त्याची आई, रेखा. माझा भाऊ पूर्ण वेळ पुढं वाकून बसला होता. त्याच्यासारखं हसणारा, त्याच्यासारखा गोंधळणारा माणूस त्यानं तोवर पडद्यावर पाहिलाच नव्हता. त्या चित्रपटाला सामाजिक विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं त्याला रोहित म्हणायला लागली. त्यात चिडवणं नव्हतं, ती त्याला खेळायला बोलवत होती. आमच्या आईला या एका नावाचं किती समाधान वाटलं होतं, हे मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही.

‘कोई मिल गया’ निर्दोष होता, असं मी म्हणणार नाही. जादू नावाचा परग्रहवासी येतो, उन्हाच्या शक्तीनं रोहितला ‘बरा’ करतो, आणि बरा झाल्यावरच तो मारामारी करू शकतो, बास्केटबॉल जिंकू शकतो. म्हणजे आहे तसा रोहित शेवटी कथेलाही पुरला नाही. हे तेव्हाही मला टोचलं होतं. पण निदान अर्धा चित्रपटभर तो आमच्याबरोबर होता, आणि त्याची टिंगल करणारे चुकीचे आहेत याबद्दल कथेच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

२०१३ त कथेनं बाजू बदलली. काल कोण आहे, आठवून बघा. रोहितच्याच अंशापासून प्रयोगशाळेत घडवलेलं, लुळं जन्माला आलेलं म्हणून अनाथाश्रमात टाकलेलं मूल. म्हणजे रोहितचाच मुलगा, क्रिशचा, म्हणजे कृष्णाचा, भाऊ! यात केवढी मोठी गोष्ट दडलेली होती! टाकून दिलेल्या अपंग मुलाला त्याचा बाप सापडतो, आणि हा बाप स्वतः एकेकाळी जगाच्या चेष्टेचा विषय होता. त्या दोघांना समोरासमोर बसवलं असतं आणि दहा मिनिटं बोलू दिलं असतं, तरी आपल्या भाषांमधला पहिला मोठा सुपरहिरोपट झाला असता. लेखकांनी काय केलं? कालनं बापाची अस्थिमज्जा काढून घ्यायची, खुर्चीतून उठायचं, चिलखत चढवायचं आणि इमारती पाडायच्या. रोहितनं दुसऱ्या मुलाला जिवंत करताना मरायचं. एक मुलगा वाचतो, दुसरा जाळला जातो, आणि टाकून दिलेल्या त्या दुसऱ्या मुलासाठी कुणाच्याही डोळ्यांत पाणी येत नाही. ‘क्रिश ३’चा दोष इथं आहे. गाणी रटाळ होती, मान्य. पण ती चार दिवसांत विसरली गेली.

विसरला गेला नाही तो खेळ. दिवाळीच्या पाडव्याला गल्लीतली दहा-बारा पोरं जमली. आयांच्या काळ्या ओढण्या, पुठ्ठ्याचे मुखवटे, सगळे क्रिश. काल कोण होणार यावर वादच झाला नाही. सगळी सरळ आमच्या दारात आली, कारण खुर्ची आमच्या घरात होती. धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्यानं दोन बोटं हलवली की पोरं धडाधड पडायची, लवंगी माळ लागायची, गच्चीवरून मोठी माणसं टाळ्या वाजवायची. आणि मी हे लपवणार नाही: त्याला मजा येत होती. आपल्या बोटाच्या इशाऱ्यावर कोणी पडतंय, हे सुख त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. भाऊबीजेला मी ओवाळल्यावर त्यानं विचारलं, ‘ताई, मला रोहित का नाही केलं?’ संध्याकाळी पोरं बोलवायला आली तेव्हा त्यानं खुर्ची आतल्या खोलीत वळवली.

पोरांना मी दोष देत नाही. मोठ्यांनी त्यांना जे दाखवलं ते त्यांनी केलं. दोष गच्चीवरून टाळ्या वाजवणाऱ्यांचा, आणि रात्री फराळ खाताना ‘व्हीएफएक्स हॉलिवूडच्या तोडीचे की नाहीत’ यावर तावातावानं बोलणाऱ्यांचा.

चाहत्यांमध्ये फूट पडणं वाईट नसतं. ‘जोकर’चा दुसरा भाग २०२४ मध्ये आला आणि पहिल्या भागाला डोक्यावर घेणारे लोक खवळले. अमेरिकेत सिनेमास्कोरच्या पाहणीत प्रेक्षकांनी त्याला ‘डी’ श्रेणी दिली. कॉमिकवरच्या कुठल्याही चित्रपटाला तोवर एवढी खालची श्रेणी मिळाली नव्हती. मला त्यातली निम्मी ओरड पटत नाही. पण भांडण मुद्द्याचं होतं: आजारी, एकट्या आर्थरला, म्हणजे जोकरला, तुम्ही बंडखोर म्हणून पूजत होता आणि चित्रपटानं ती पूजा नाकारली, हा दगा की प्रामाणिकपणा? यावर माणसं रात्रभर भांडली तर मी त्यांना चहा करून देईन. आमच्याकडे दुष्टाला खुर्चीत बसवलं आणि भांडण झालं ते गल्ल्यावरून.

हे भांडण किरकोळ आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: २०११ च्या जनगणनेत या देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं मोजली गेली. त्यांतली कितीतरी तिकीट काढतात. ८ जुलै २०२४ रोजी, ‘आँख मिचोली’ या चित्रपटाच्या प्रकरणात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं अपंगांच्या पडद्यावरच्या चित्रणाबाबत मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. हिणवणारे शब्द नकोत, साचे नकोत, अपंगत्वाच्या बदल्यात अलौकिक शक्ती मिळते असल्या समजुती पसरवू नका, आणि ज्यांच्याबद्दल दाखवता त्यांना विचारा. मला हे वाचून कालची दोन बोटं आठवली. जे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, ते स्वतःला चाहते म्हणवणाऱ्यांना अकरा वर्षांत सुचलं नव्हतं.

आणि जबलपूरकरांनो, तुम्हाला तर सबबच नाही. हिंदी व्यंगकार हरिशंकर परसाई याच गावचे, नेपियर टाऊनमध्ये राहिलेले. पाय मोडून पडले तेव्हा लोक येऊन त्यांच्या पाया पडायला लागले, आणि त्या श्रद्धेचीच त्यांनी सालपटं काढली. त्याच लेखाच्या नावाच्या ‘विकलांग श्रद्धा का दौर’ या पुस्तकाला १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दया आणि श्रद्धा दोन्ही कशा खोट्या असतात, हे बिछान्यावरून सांगणारा माणूस तुमच्या शेजारी राहून गेला. त्याच्या गावात खुर्चीतला माणूस दिसेनासा व्हावा, हे मला सहन होत नाही.

‘क्रिश ४’ची तारीख लागेल तेव्हा धाकट्याला पहिल्या दिवसाचा पहिला खेळ हवा आहे. तिन्ही चित्रपटांचे संवाद त्याला तोंडपाठ आहेत आणि माझ्या इतक्या रागानंतरही त्याचं या मालिकेवरचं प्रेम कमी झालेलं नाही. मी गेल्या आठवड्यात एका थिएटरात फोन करून विचारलं, पडद्यापर्यंत रॅम्प आहे का? पलीकडचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, ‘दीदी, टेन्शन मत लो, दो लड़के उठा लेंगे.’ मी त्याला सांगितलं, माझा भाऊ एकतीस वर्षांचा आहे, त्याला उचलायचं नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, मॅनेजरशी बोलून सांगतो. मी रोज सकाळी अकराला फोन लावते आहे.